फळीपलीकडचा हात

आमच्या मामाचा चेहरा टीव्हीवर कधीच दिसला नाही, पण त्याचे हात त्या काळी घराघरांत माहीत होते. हे मी शाळेत सांगायचे तेव्हा मुली फिदीफिदी हसायच्या. "म्हणजे हात तुझ्या मामाचे आणि बाकीचा माणूस दुसराच?" असं एकीनं मला सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं. हो बाई, तसंच होतं. तिला काही ते पटलं नाही, आणि मी पुढे कितीतरी महिने तिच्याशी अबोला धरला. माझा स्वभाव पहिल्यापासून असाच. कोणी खोटं पाडलं की डोकं फिरतं.

मामा चाव्या करायचा. त्याचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली फट, तिलाच पुढून शटर लावलेलं. आत एक टेबल, चावी घट्ट धरून ठेवणारा लोखंडी वाइस, कानशींचा डबा आणि भिंतभर खिळ्यांवर टांगलेल्या कोऱ्या चाव्या. गिऱ्हाईक बाहेर उभं, मामा आत. दोन माणसं आत मावायची नाहीत, आणि मामाला त्याची कधी अडचणही झाली नाही. वरच्या खोलीत तो एकटा राहायचा. एक खाट, एक खुर्ची, एक स्टोव्ह. पाहुणा आला की मामा खाटेवर बसायचा आणि पाहुण्याला खुर्ची द्यायचा. दुसरा पाहुणा आला तर काय करायचं हा प्रश्न त्याला पडलाच नाही, कारण दुसरा कोणी यायचाच नाही.

टीव्हीचा स्टुडिओ मागच्या गल्लीत होता. नाव मोठं, पण मुळात ते एक जुनं गोदामच. तेव्हा चॅनेल एकच, आणि आठवड्यातून एकदा त्यावर ती चोराची मालिका लागायची. तिला बाहेर काय म्हणायचे ते म्हणोत, आम्ही घरात 'मामाची मालिका'च म्हणायचो. गोष्ट अशी की एक चोर, मोठा देखणा आणि सभ्य, श्रीमंतांच्या घरात शिरून तिजोऱ्या साफ करत असतो. एका घरात शिरतो तर तिथली मुलगी जागीच. ती आरडाओरडा काही करत नाही, उलट आरामखुर्चीतून विचारते, "काही सापडलं का?" संपलं! तिथून प्रेम. मग दर आठवड्याला एक चोरी आणि चिमूटभर प्रेम, आणि दोघांच्या मागावर एक जाडजूड इन्स्पेक्टर. ती मालिका लागली की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही म्हणतात.

चोराचं काम करणारा नट दिसायला राजबिंडा, पण कुलपात तार घालायची म्हटलं की तो चमचा धरल्यासारखी धरायचा. दिग्दर्शक वैतागला आणि कोणाला तरी पिटाळून त्यानं गल्लीतल्या चावीवाल्याला बोलावून घेतलं. कॅमेरा अगदी जवळ आणून मामाच्या हातांचं चित्रीकरण केलं. बोटं तार फिरवतायत, कुलूप सुटतंय, बस्स. मामाच्या डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा मोठा डाग होता, तो कोणाच्या लक्षातच आला नाही. मालिका घराघरांत दिसली आणि मग सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. आता चोराच्या अंगठ्याला डाग आहे! झालं, त्या नटाला रोज सकाळी अंगठ्यावर डाग रंगवून घ्यावा लागायचा. आणि दिग्दर्शकानं नियमच केला की जवळून दिसणार तो चोराचा हात प्रत्येक वेळी चावीवाल्याचाच. कुलूप उघडायचं असो, काडी पेटवायची असो, की खिडकीची कडी लावायची असो. हात बदलला तर लोक लगेच ओळखतात, असं त्याचं म्हणणं.

पण हात एकटा कसा दिसेल? बाही हवी ना. नटाच्या कोटाचं उरलेलं कापड घेऊन तिथल्या शिवणकामवाल्या बाईनं मामासाठी नुसत्या बाह्या शिवल्या होत्या, कोपरापर्यंतच्या. त्या बाईंना सगळे बटणताई म्हणायचे, कारण तोंडात कायम दोन बटणं धरलेली असायची आणि बोलायचं झालं तर ती आधी तळहातावर काढायला लागायची. कॅमेऱ्यासमोर जायच्या आधी मामा हात पुढे करायचा आणि बटणताई त्याला बाह्या चढवून मनगटाची बटणं लावून द्यायच्या. दुपारी जेवायलाही तो त्यांच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर बसायचा, कारण नटांच्या टेबलाशी हाताला कोण बसवून घेणार?

स्टुडिओतलं हे सगळं मामानं मला सांगितलं ते फार नंतर. माझं लग्न मोडून मी माहेरी आले होते. आई घरात धुसफुसत होती आणि मला घरात बसवेना, म्हणून मी मामाच्या दुकानापुढे स्टुलावर बसून रडत होते. मामा चावी घासत होता. मला समजवायची कला त्याला कधी आलीच नाही. बराच वेळ घासून झाल्यावर तो म्हणाला, "रडू नकोस गं. माझ्याकडे बघ. मी एका हातावर निभावलं."

मला वाटलं, याला काय झालं? मग त्यानं सांगितलं. त्या मालिकेत शेवटी शेवटी चोर पकडला जातो. ती मुलगी त्याला तुरुंगात भेटायला येते, पण मधे भिंत. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, फक्त खाली हातभर फट आहे. त्या फटीतून तिचा हात येतो आणि चोर तो धरतो. भिंत अर्थातच प्लायवूडची फळी. हात जवळून दाखवायचा, म्हणजे मामाचा. मामाला अलीकडे गुडघ्यावर बसवलं आणि पलीकडून तिचा हात आला. बोटात मालिकेतली ती मुलगी घालायची ती अंगठी, नखं रंगवलेली. मामानं तो धरला. दिग्दर्शक म्हणाला, छान, झालं. पण पलीकडे काही कुजबूज झाली आणि सहायक ओरडला, "पुन्हा एकदा! तिकडून सांगितलंय!" मग पुन्हा. झालं म्हणेपर्यंत परत, "पुन्हा एकदा, तिकडून सांगितलंय!" शेवटच्या वेळी त्या हातानं मामाचा अंगठा घट्ट दाबला, आणि कॅमेरा बंद झाल्यावरही लगेच सोडला नाही.

"तिला काय गरज होती?" मामा मला म्हणाला. "एवढी मोठी नटी. मी कोण, तर गल्लीतला चावीवाला. पण तिनंच पुन्हा घ्यायला सांगितलं ना? उगाच कोण सांगतं?"

पुढे तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. तिची गाडी पुढच्या दारानं यायची आणि पुढच्याच दारानं जायची. मामानंही कधी तिच्याशी बोलायचं धाडस केलं नाही. पण आईनं त्याच्यासाठी आणलेली स्थळं तो एकेक करून मोडत गेला. आई म्हणायची, हा माणूस लग्नाच्या नावानं दगड आहे. तो दगड नव्हता. जे आपल्याला एकदा मिळालंय, त्याहून कमी कशाला घ्यायचं, असा त्याचा हिशेब. मला त्या दिवशी त्याचा हेवाच वाटला, खरं सांगते. माझ्या वाट्याला आलेला नवरा पुढ्यात होता आणि तरी नव्हता. याच्याजवळ निदान एक हात तरी होता.

वर्षं गेली. मी दाताच्या दवाखान्यात नंबर पुकारायला लागले. त्या कामानं माझा आवाज एवढा मोठा झालाय की मी हळू बोलले तरी शेजारी दार उघडून बघतात. रविवारी मी मामाला डबा न्यायचे. तो म्हातारा झाला, दुकान चालूच. त्या मालिकेच्या फिती कधीच पुसून टाकल्या होत्या म्हणत. मामानं तो प्रसंग एकदाच पाहिलेला, शेजाऱ्यांच्या घरात, दाराशी उभा राहून, पुढे पन्नास डोकी. त्याला नीट दिसलंही नव्हतं.

आणि मग एका रविवारी मामाच माझी वाट बघत जिन्यात उभा. हातात वर्तमानपत्र. त्या मालिकेच्या फिती कुठल्याशा तळघरात सापडल्या होत्या, साफसूफ करून एका सभागृहात दाखवणार होते, आणि ती नटी स्वतः येणार होती.

"आपण जायचं," मामा म्हणाला. तो कधी कुठे जायचं म्हणत नसे. "मला तिला एकदाच विचारायचंय. पुन्हा घ्या असं का म्हणाली. बाकी काही नको."

"आणि ती विसरली असेल तर?"

"असं कोण विसरतं?"

त्याला नाही कसं म्हणायचं? त्यानं नवा शर्ट आणला. नखांत अडकलेली पितळेची भुकटी काढायला बिचारा आठवडाभर लिंबू चोळत होता. मी म्हटलं, मामा, नवरदेव झालायस. तो लाजला, अहो खरंच लाजला, या वयात!

सभागृह भरलेलं होतं. आम्ही मधल्या रांगेत. दिवे मालवले आणि पडद्यावर तो काळापांढरा चोर आला, ती मुलगी आली, "काही सापडलं का?" झालं, टाळ्या पडल्या. मग तुरुंग, ती भिंत आणि ती फट. पडदाभर मोठे दोन हात. मी आयुष्यात पहिल्यांदा ते पाहिलं. मामाचा तरणा हात, अंगठ्यावर डाग, आणि तो अंगठा दाबणारी तिची बोटं. माझ्या डोळ्यांना धार लागली. शेजारी मामा पुढे झुकून, हात मांडीवर उघडे ठेवून बसला होता.

दिवे लागले. ती नटी रंगमंचावर आली, केस पांढरे, पण चालणं अजून राणीसारखं. तिची मुलाखत घेणाऱ्या बाईनं पहिलाच प्रश्न त्या प्रसंगाचा केला. नटी खळखळून हसली.

"सगळे मला त्याबद्दलच विचारतात," ती म्हणाली, "आणि त्या दिवशी मी तिथे नव्हतेच! मी तापानं फणफणले होते, घरी. दिवस वाया जाऊ नये म्हणून आमच्या शिवणकामवाल्या बटणताईंना माझी अंगठी घालून बसवलं. आणि मजा ऐका, त्यांना हा अभिनय इतका आवडला की दिग्दर्शक झालं म्हणतायत आणि या म्हणतायत, नाही नाही, माझा हात हलला, पुन्हा घ्या! दोनदा घ्यायला लावलं. आम्ही किती वर्षं त्यांना चिडवत होतो, हातच नटी झाला म्हणून."

सगळं सभागृह हसलं. माझ्या पुढचा माणूस तर मांडीवर थाप मारून हसला. मला वाटलं त्याच्या डोक्यात पर्स घालावी.

मामा हसला नाही, रडलाही नाही. त्यानं मांडीवरचे हात उचलले आणि खिशात घातले.

"चल," मी म्हटलं, "तिला भेटू. आलोय तर विचारू."

"तिला काय विचारायचं आता?" तो म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

मी मात्र गेले. गर्दीत घुसले, दवाखान्यातला आवाज लावला आणि नटीपर्यंत पोचून बटणताईंचा पत्ता मागितला. कोण, कशाला, काही सांगितलं नाही. ती बिचारी चांगली होती, तिच्या सोबतच्या मुलीनं लिहून दिला. बटणताई जिवंत होत्या. मला वाटलं, देव पावला! अजूनही काही बिघडलेलं नाही. त्या पण असतील एखाद्या खोलीत एकट्या, मामाचीच वाट बघत. मी मनातल्या मनात दोघांना खुर्च्यासुद्धा मांडून दिल्या.

पत्ता मी मामाला सांगितला, पण त्यानं मग दुकानही उघडलं नाही. मी रोज संध्याकाळी जायचे तर तो खाटेवर. एकदा स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाला, "मी जेवायला तिच्याच टेबलाशी गेलो होतो गं. त्या दिवशी. सगळं तिलाच सांगितलं. नटीनं माझा हात कसा धरला, ते. तिलाच." रविवारी त्यानं तो शर्ट पुन्हा घातला आणि मला म्हणाला, "चल, ने मला."

बटणताईंचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिन्यातच गलका ऐकू आला. दार उघडलं तर घरात नातवंडं धावतायत, सून हाका मारतेय, रेडिओ चालू, आणि खिडकीपाशी शिवणयंत्रावर एक ठेंगणी म्हातारी. माझ्या मांडलेल्या खुर्च्या तिथल्या तिथे कोसळल्या. ही बाई कशाची एकटी?

त्यांनी मान वर केली, तळहातावर बटणं काढली आणि म्हणाल्या, "अगं बाई, चावीवाले!"

क्षणात ओळखलं. मामाला बसवलं, चहा आला, मुलांना दटावून आतल्या खोलीत पिटाळलं. इकडचं तिकडचं झालं. मामा कप हातात धरून बसला, प्यायला नाही. शेवटी म्हणाला, "मला परवा कळलं. तो हात."

बटणताई थांबल्या. "परवा?" त्या म्हणाल्या. "अहो, परवा?"

"पुन्हा घ्या असं का म्हणालात?"

त्यांनी सून कुठे आहे ते पाहिलं आणि आवाज उतरवला. "का म्हणजे काय? रोज तुमची बटणं मीच लावत होते. तुम्ही मान वर करून कधी बघितलं नाहीत. म्हटलं, हातावरून तरी ओळखतील. पहिल्यांदा नाही ओळखलंत, म्हणून पुन्हा. मग आणखी एकदा. अंगठासुद्धा दाबला, आता याहून काय करायचं बाईनं? आणि दुपारी तुम्ही येऊन माझ्यासमोर बसलात आणि तिचंच कौतुक चालू केलंत."

"तुम्ही काही बोलला नाहीत."

"मी मीठ पुढे सरकवलं."

"सांगायचं होतंत," मामा म्हणाला.

"तुमचा फुललेला चेहरा तुम्हाला दिसला नाही, मला दिसला. तो माझ्या नावानं तसा राहिला असता का? तेवढी हिंमत नाही झाली. त्याच वर्षी मला स्थळ आलं. रागीट होता, पण माणूस चांगला. तीन वर्षं झाली जाऊन." मग त्या जरा सावरल्या. "तुमच्याकडे कोण कोण?"

मामानं माझ्याकडे बोट दाखवलं. "ही भाची."

बटणताईंना कळलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आतून मुलांची भांडणं ऐकू येत होती. मग त्यांनी यंत्राच्या फळीवरून हात पुढे केला, वाकडी झालेली बोटं, सुयांनी टोचून टणक झालेली टोकं, आणि हसत म्हणाल्या, "घ्या. आता तरी बघा ओळखता येतो का."

मामानं कप खाली ठेवला, आपला हात पँटला पुसला आणि तो हात धरला. अवघड कुलूप हाती आलं की मिटायचा तसे त्यानं डोळे मिटले. किती वेळ गेला कोण जाणे. म्हण ना हो, मी मनात म्हणत होते, हो म्हण, एकदा हो म्हण, कोणाचं काय जातंय!

त्यानं डोळे उघडले.

"नाही," तो म्हणाला. "ओळखू येत नाही."

मला त्याचा गळा धरावासा वाटला. पण बटणताईंनी हात मागे घेतला नाही. त्यांनी दुसऱ्या हातानं त्याच्या हातावर थोपटलं, लहान मुलाला थोपटतात तसं, आणि म्हणाल्या, "चहा निवला तुमचा. दुसरा करायला सांगते."

आम्ही दुसरा चहा घेतला आणि निघालो. पुन्हा या, असं त्यांनी दोनदा सांगितलं, मनापासून सांगितलं. मामा हो म्हणाला. जाणार नाही हे मला कळलं होतं, त्यांनाही कळलं असावं.

दुकानाच्या जिन्याशी आलो तेव्हा मामा थांबला.

"माझ्याजवळ एक तरी गोष्ट आहे, असं मला वाटायचं," तो म्हणाला. "तिचा म्हणून जो हात मी एवढी वर्षं धरून होतो, तो तिचा नव्हता. म्हटलं, मग हिचा तरी असेल. तो हिचाही नाही गं. तो कोणाचाच नव्हता."

मी त्याचा हात धरला. त्यानं तो मला थोडा वेळ धरू दिला, आणि मग हळूच सोडवून घेत म्हणाला, "तू जा आता. तुला उशीर होईल."